प्रस्ताव १८७ आणि त्यामागचे कॅलिफोर्निया : लॅटिनो स्थलांतराविषयीच्या जनमताची पार्श्वभूमी

कॅलिफोर्नियातील लॅटिनो (लॅटिन अमेरिकी वंशाच्या लोकांच्या) स्थलांतराविषयी लोकांना काय वाटते, ही चर्चा गेली तीस वर्षे ८ नोव्हेंबर १९९४ या तारखेपाशी येऊन थांबते. त्या दिवशी मतदारांनी ‘प्रस्ताव १८७’ हा थेट सार्वमताला टाकलेला कायदा सुमारे ५९ टक्के मतांनी मंजूर केला आणि बेकायदा वास्तव्य असलेल्यांना सरकारी शाळा, तातडीचे नसलेले वैद्यकीय उपचार आणि समाजकल्याणाच्या योजना नाकारण्याचा कौल दिला. त्याच राज्याने जानेवारी २०२४ मध्ये अल्प उत्पन्न असलेल्या सर्व वयोगटांतील रहिवाशांना, त्यांच्या वास्तव्याची कायदेशीर स्थिती न पाहता, सरकारी आरोग्यविम्याच्या कक्षेत आणले. ‘लोकांचे मन बदलले’ असे या दोन टोकांमधील अंतराचे स्पष्टीकरण दिले जाते. ते अर्धेच खरे आहे. मन बदलले त्याहून अधिक प्रमाणात मत देणारे बदलले, आणि ही गोष्ट लक्षात घेतल्याशिवाय १९९४ चा कौलही समजत नाही आणि त्यानंतरची वाटचालही उलगडत नाही.

जुना इतिहास थोडक्यात असा. १८४८ च्या तहाने हा प्रदेश मेक्सिकोकडून अमेरिकेकडे आला, तेव्हा येथे स्थायिक असलेली स्पॅनिशभाषक कुटुंबे सीमा ओलांडून आलेली नव्हती; सीमाच त्यांच्यावरून सरकली होती. १८४९ ची राज्यघटना इंग्रजी व स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत प्रसिद्ध झाली आणि कायदे स्पॅनिशमध्येही छापावेत असे बंधन तिच्यात होते. १८७९ च्या घटनेने सरकारी कामकाज इंग्रजीपुरते मर्यादित केले. १९३० च्या दशकातील महामंदीत मेक्सिकन वंशाच्या लाखो लोकांना देशभरातून मेक्सिकोला धाडण्यात आले. त्यांत अमेरिकेत जन्मलेले, म्हणजे जन्माने नागरिक असलेले लोक मोठ्या संख्येने होते. यातील आपल्या वाट्याबद्दल कॅलिफोर्नियाने २००५ मध्ये कायदा करून अधिकृत माफी मागितली. महामंदी सरून युद्ध सुरू होताच, १९४२ मध्ये, शेतीसाठी मेक्सिकन मजूर करारावर आणण्याची योजना आखली गेली. १९६४ मध्ये ती बंद होईपर्यंत देशभरात सुमारे ४६ लाख करार झाले होते.

ही योजना बंद पडल्यावर जे घडले त्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. शेते तीच होती, हंगाम तेच होते, मजूरही पुष्कळदा तेच होते. फक्त करार राहिला नव्हता. १९६५ च्या केंद्रीय स्थलांतर कायद्याने पश्चिम गोलार्धातून, म्हणजे दोन्ही अमेरिका खंडांतून, येणाऱ्यांवर प्रथमच वार्षिक मर्यादा घातली आणि १९७६ मध्ये मेक्सिकोसाठी देशनिहाय २०,००० ची मर्यादा लागू झाली. काल करारावर आलेला माणूस आज त्याच वाटेने आला तर बेकायदा ठरू लागला. या येण्याला विरोध केवळ उजव्या बाजूचा होता असेही नाही. संप मोडण्यासाठी मळेवाले कागदपत्रे नसलेल्या मजुरांना आणत असत, त्यामुळे स्वतः मेक्सिकन वंशाच्या कामगारांनी उभारलेली शेतमजुरांची प्रमुख संघटना १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत अशा मजुरांविरुद्ध मोहिमा चालवत होती. अशा मजुरांना कामावर ठेवणाऱ्या मालकांना दंड करण्याचा कायदाही कॅलिफोर्नियाने १९७१ मध्येच केला होता आणि देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये असा कायदा करण्याचा राज्याचा अधिकार मान्य केला होता.

१९८६ मध्ये केंद्राने बेकायदा वास्तव्य नियमित करण्याचा कायदा केला. त्याचा लाभ देशात सुमारे २७ लाख लोकांना मिळाला आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक कॅलिफोर्नियातील होते. त्याच वर्षी राज्याच्या मतदारांनी इंग्रजीला राज्याची अधिकृत भाषा ठरवणारा प्रस्ताव सुमारे ७३ टक्के मतांनी मंजूर केला. एकीकडे माणसांना कागद मिळत होते आणि दुसरीकडे त्यांच्या भाषेला दार लावले जात होते. नियमित झालेल्या मजुरांची कुटुंबे मागोमाग आली, शाळांचे वर्ग भरले आणि जी वस्ती पूर्वी हंगामापुरती शेतांत दिसे ती शहरांच्या उपनगरांत कायमची दिसू लागली.

याच काळात शीतयुद्ध संपले. दक्षिण कॅलिफोर्नियाचा मध्यमवर्ग ज्या विमान आणि संरक्षण कारखान्यांवर उभा होता, ते बंद होऊ लागले. १९९२-९३ मध्ये राज्यातील बेरोजगारी ९ टक्क्यांच्या वर गेली, घरांच्या किमती पडल्या, आणि १९९२ च्या उन्हाळ्यात तर राज्य सरकारवर घेणेकऱ्यांना पैशांऐवजी वचनचिठ्ठ्या देण्याची पाळी आली. कारखाने बंद होण्याशी भाजी तोडणाऱ्या किंवा हॉटेलांत भांडी घासणाऱ्या मजुराचा काहीच संबंध नव्हता. परंतु फेरनिवडणुकीत मागे पडलेल्या तत्कालीन गव्हर्नरांच्या प्रचारात मेक्सिकोच्या सीमेवरील सॅन इसिद्रोच्या महामार्गावरून पळत जाणाऱ्या माणसांची धूसर दृश्ये दूरचित्रवाणीवर दाखवली जाऊ लागली आणि ‘ते येतच आहेत’ असे निवेदन त्यावर ऐकू येऊ लागले. गव्हर्नर निवडून आले. नोकरी गेलेल्या माणसाच्या खऱ्या चिंतेला खोटे कारण पुरवले गेले, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रस्तावाचा मजकूर मात्र प्रचाराच्या दृश्यांपेक्षा अधिक बारकाईने वाचण्यासारखा आहे. बेकायदा वास्तव्य असलेल्यांना रोख स्वरूपाच्या बहुतेक कल्याणयोजना आधीपासूनच बंद होत्या, तर तातडीचे उपचार केंद्रीय कायद्यानुसार नाकारता येत नव्हते. नव्या तरतुदींत सर्वांत महत्त्वाचे होते ते दोन भाग. पहिला शाळांचा. मुलांच्या वास्तव्याची स्थिती पाहून त्यांना सरकारी शाळेतून वगळता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने टेक्ससमधील प्रकरणात १९८२ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी दिला होता. तो निर्णय पुन्हा तपासला जावा, हा हेतू प्रस्तावाच्या काही समर्थकांनी लपवला नव्हता. दुसरा भाग कळवण्याचा होता. शिक्षक, डॉक्टर, पोलीस, समाजसेवा कर्मचारी यांपैकी कोणालाही एखाद्याचे वास्तव्य बेकायदा असल्याचा संशय आला, तर त्याने ते स्थलांतर खात्याला कळवणे बंधनकारक होणार होते.

सारा गुंता ‘संशय’ या शब्दात होता. प्रस्तावात लॅटिनो किंवा मेक्सिकन हा शब्द कोठेही नव्हता; मतपत्रिकेवरील शीर्षकात ‘बेकायदा परके’ असा शब्दप्रयोग होता. समर्थक शेवटपर्यंत सांगत राहिले की प्रश्न कायद्याचा आहे, वंशाचा नाही. परंतु वर्गात बसलेल्या चाळीस मुलांपैकी कोणाविषयी शिक्षिकेला संशय येणार? व्हिसाची मुदत संपल्यावरही राहिलेल्या एखाद्या युरोपीय कुटुंबातील मुलाविषयी तो येणार नव्हता. तो येणार होता आडनावावरून, उच्चारावरून आणि वर्णावरून, म्हणजे ज्याच्या चार पिढ्या लॉस एंजेलिसमध्ये गेल्या त्या मुलाविषयीही. कायद्याच्या भाषेत गाळलेला शब्द अंमलबजावणीत परत येणार होता, आणि म्हणूनच अमेरिकन नागरिक असलेल्या लॅटिनोंना हा प्रस्ताव स्वतःविरुद्धचा वाटला. पुढे ‘परका’ या अर्थाचा इंग्रजी शब्द राज्याने २०१५ मध्ये कामगार संहितेतून आणि २०२१ मध्ये इतर कायद्यांतून काढला. एका मोठ्या अमेरिकन वृत्तसंस्थेने २०१३ मध्येच माणसाला ‘बेकायदा’ हे विशेषण लावणे थांबवले होते. मराठी वृत्तपत्रांत अशा माणसासाठी सहज वापरला जाणारा ‘घुसखोर’ हा शब्द तर निवाड्याआधीच शिक्षा सुनावणारा आहे. या टिपणात ‘बेकायदा वास्तव्य’ असे लिहिले आहे ते याचसाठी की वास्तव्य बेकायदा असू शकते, माणूस नव्हे.

निवडणुकीच्या काही महिने आधी प्रस्तावाला मोठी आघाडी होती, आणि लॅटिनो मतदारांतही त्याला लक्षणीय पाठिंबा दिसत होता. १६ ऑक्टोबर १९९४ रोजी लॉस एंजेलिसमध्ये निघालेल्या मोर्चात ७०,००० किंवा त्याहून अधिक लोक होते. त्यांतील अनेकांच्या हातातील मेक्सिकोचे झेंडे हाच दुसऱ्या दिवसापासून वादाचा विषय झाला. नोव्हेंबरच्या पहिल्या दिवसांत हजारो विद्यार्थी शाळा सोडून रस्त्यावर आले. मतदानोत्तर चाचणीनुसार लॅटिनोंपैकी तीन चतुर्थांशांहून थोड्या अधिक मतदारांनी विरोधात मत दिले, तर गोऱ्या मतदारांपैकी सुमारे ६३ टक्क्यांनी बाजूने. आशियाई आणि कृष्णवर्णीय मतदार जवळजवळ समसमान विभागले गेले. मात्र १९९० च्या जनगणनेत राज्यात एक चतुर्थांशाहून अधिक असलेले लॅटिनो त्या दिवशीच्या मतदारांत केवळ ८ टक्क्यांच्या आसपास होते, कारण अनेक जण अठरा वर्षांखालचे होते आणि अनेकांकडे नागरिकत्व नव्हते. ५९ टक्के हा आकडा मतदारांचा कौल होता. राज्यात राहणाऱ्यांचे मत त्यातून कळत नव्हते.

प्रस्ताव मंजूर झाल्यानंतर काही दिवसांतच न्यायालयाने अंमलबजावणी थांबवली. नोव्हेंबर १९९७ मध्ये केंद्रीय जिल्हा न्यायालयाने त्यातील बहुतेक तरतुदी अवैध ठरवल्या. स्थलांतराचे नियमन हा केंद्राचा विषय आहे, राज्याचा नाही, हे त्यामागचे मुख्य कारण होते. त्यानंतरचा निर्णय आजही वादाचा आहे. राज्याने वरच्या न्यायालयात अपील केले होते, परंतु १९९८ मध्ये सत्ताबदल झाला आणि नवे गव्हर्नर स्वतः या प्रस्तावाच्या विरोधात होते. अपील मागे घेतले असते तर ५९ टक्के मतदारांचा कौल पायदळी तुडवल्याचा आरोप झाला असता आणि ते नेटाने लढवले असते तर स्वतःचे समर्थक दुखावले असते, म्हणून त्यांनी प्रकरण मध्यस्थीकडे सोपवले. गंमत अशी की मध्यस्थीच्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना आता प्रस्तावाचे विरोधकच होते. जुलै १९९९ मध्ये तडजोड झाली, अपील संपले, बनावट कागदपत्रांविषयीच्या दंडात्मक तरतुदी तेवढ्या उरल्या. निरुपयोगी झालेली कलमे राज्याच्या कायद्यातून प्रत्यक्षात २०१४ मध्ये पुसली गेली.

समर्थकांची तक्रार अशी आहे की लोकांनी थेट केलेला कायदा अंतिम निवाड्याविना संपवला गेला. ही तक्रार केवळ रडगाणे म्हणून सोडून देता येणार नाही. ज्या राज्यात सार्वमताने कायदा करण्याची सोय आहे, तेथे त्या कायद्याचा बचाव न आवडणाऱ्या अधिकाऱ्यावर सोपवला जावा, ही खरोखरची उणीव आहे. तरीही माझ्या मते निष्पत्ती योग्यच होती, कारण सहा वर्षांच्या मुलाची तक्रार शिक्षकाने करावी ही अपेक्षा कोणत्याही टक्केवारीने न्याय्य होत नाही. मात्र सर्वोच्च न्यायालयाचा निवाडा न आल्याने १९८२ चा निर्णय तपासला गेलाच नाही, आणि इतर राज्यांत तो वाद पुन्हा पुन्हा डोके वर काढत राहिला.

१९९४ नंतर राज्य लगेच उलटले, ही समजूत मात्र चुकीची आहे. १९९६ मध्ये सरकारी नोकऱ्या व प्रवेशांतील वंशाधारित प्राधान्य बंद झाले, १९९८ मध्ये द्वैभाषिक शिक्षणावर सुमारे ६१ टक्के मतांनी निर्बंध आले, आणि २००३ मध्ये कागदपत्रे नसलेल्यांना वाहनपरवाना देणारा कायदा त्याच वर्षी रद्द करावा लागला. बदल झाला तो मतदारयादीत. हक्क गमावण्याच्या भीतीने लाखो कायदेशीर रहिवाशांनी नागरिकत्व घेतले, १९९४ ची मुले अठरा वर्षांची झाली, आणि मंदीच्या काळात गोऱ्या मध्यमवर्गातील अनेक जण शेजारच्या राज्यांत निघून गेले. एकट्या प्रस्ताव १८७ मुळे राज्याचे राजकारण पालटले की आधीपासून वळलेल्या प्रवाहाला त्याने वेग दिला, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. दुसरे मत मला अधिक पटते. २००६ च्या मोर्च्यांत संयोजकांनी अमेरिकन झेंडे आणण्याचे आवाहन केले, ते १९९४ ची आठवण ठेवूनच. वाहनपरवान्याचा कायदा २०१३ मध्ये पुन्हा झाला, द्वैभाषिक शिक्षणावरील निर्बंध २०१६ मध्ये सुमारे ७३ टक्के मतांनी उठले, आणि २०१७ मध्ये स्थानिक पोलिसांच्या केंद्रीय स्थलांतर खात्याशी असलेल्या सहकार्याला मर्यादा घालण्यात आली.

२०२५ च्या जूनमध्ये लॉस एंजेलिसमध्ये केंद्रीय स्थलांतर खात्याने केलेल्या धरपकडीनंतर लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा मेक्सिकोच्या झेंड्यांचा वाद शब्दशः तसाच परतला. त्याच महिन्यात सुमारे १२ अब्ज डॉलरची तूट भरून काढण्यासाठी राज्याने अर्थसंकल्पात ठरवले की कागदपत्रे नसलेल्या प्रौढांची सरकारी आरोग्यविम्यातील नवी नोंदणी जानेवारी २०२६ पासून थांबवावी आणि आधीच नोंदलेल्यांकडून २०२७ पासून मासिक हप्ता घ्यावा. हा निर्णय ज्यांनी घेतला त्यांच्यात १९९४ च्या मोर्च्यांतून राजकारणात आलेले प्रतिनिधीही होते.