माणगावपासून अलमट्टीपर्यंत: युद्ध, निसर्ग आणि फलप्रामाण्यवादाची पार्श्वभूमी

२१ आणि २२ मार्च १९२० रोजी कोल्हापूर संस्थानातल्या माणगावात बहिष्कृत वर्गाची परिषद भरली. अध्यक्षस्थानी तरुण भीमराव आंबेडकर होते आणि खुद्द राजर्षी शाहू महाराज उपस्थित होते. त्या परिषदेचं सामाजिक महत्त्व कोल्हापूरकरांना सांगायला नको. माणगावला आलेल्या त्या तरुणाच्या विचारामागे एक तत्त्वज्ञान होतं. युद्ध कधी न्याय्य ठरतं, नदीचं नुकसान कुणी भरून द्यायचं, असे आजचे प्रश्न तपासताना ते फार उपयोगी पडतं. १९१३ ते १९१६ या काळात आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात जॉन ड्यूईंच्या वर्गात बसले होते आणि ड्यूई हे फलप्रामाण्यवादाचे, म्हणजे कल्पना तिच्या परिणामांवरून जोखणाऱ्या ‘प्रॅग्मॅटिझम’चे, मोठे आचार्य.

हा विचार युद्धाच्या सावलीत वाढला. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतल्या यादवीत सहा लाखांहून अधिक माणसं गेली आणि देव आपल्याच बाजूला आहे याची दोन्ही बाजूंना खात्री होती. पुढे न्यायाधीश झालेले ऑलिव्हर वेंडेल होम्स या युद्धात तीनदा जखमी झाले. तत्त्वज्ञ विल्यम जेम्स यांचा धाकटा भाऊ फोर्ट वॅग्नरच्या हल्ल्यात गंभीर जखमी होऊन घरी आला. १८७२च्या सुमारास हे होम्स, जेम्स आणि तत्त्वज्ञ चार्ल्स पर्स अमेरिकेतल्या केंब्रिजमध्ये चर्चेसाठी एकत्र जमत. एखादी कल्पना मानली तर व्यवहारात कोणते परिणाम घडतील, ते पाहिल्यानेच तिचा अर्थ स्पष्ट होतो, असं पर्स यांनी १८७८ मध्ये मांडलं. ‘ज्याने काम भागतं ते खरं’ असा याचा सवंग अर्थ लावला जातो, तो चुकीचा आहे. परिणाम म्हणजे सगळे परिणाम, दूरचे आणि नकोसेसुद्धा. आपलं मत चुकलेलं असू शकतं, हे आधीच मान्य करण्याची शिस्तही त्यात येते.

युद्धाचा प्रश्न जेम्स यांनी १९१०च्या एका निबंधात थेट हाती घेतला. शांततावाद्यांना त्यांनी सुनावलं की युद्ध वाईट आहे एवढं म्हणून ते थांबणार नाही. शौर्य, शिस्त आणि त्याग यांची भूक माणसात आहे, तिला दुसरी वाट द्यावी लागेल. त्यांचा उपाय असा की सगळ्या तरुणांची काही वर्षं सक्तीची भरती करावी. त्यांना खाणीत, मालगाड्यांवर, मासेमारीच्या जहाजांवर, रस्त्यांच्या आणि बोगद्यांच्या कामावर पाठवावं. ही फौज लढणार निसर्गाशी! मला या निबंधाची ही बाजू सगळ्यात जास्त अस्वस्थ करते. माणसामाणसातलं वैर मिटवताना जेम्स यांनी शत्रूच्या जागी नदी, डोंगर आणि समुद्र आणून बसवले. त्या काळात ते फारसं कुणाला खटकलं नाही. पुढचं शतकभर धरणं, खाणी आणि रासायनिक शेती यांची भाषा मात्र त्याच ‘विजया’ची राहिली. युद्ध आणि पर्यावरण हे दोन विषय वेगळे नाहीत, हे पाहायला ही एकच जागा पुरे.

याच परंपरेतल्या समाजसेविका जेन ॲडम्स यांनी वेगळी वाट धरली. शिकागोत स्थलांतरितांच्या वस्तीत राहून त्यांनी पाहिलं की एकमेकांशी भांडणाऱ्या देशांची माणसं इथे शेजारधर्म पाळतात. पहिल्या महायुद्धाला त्यांनी अखेरपर्यंत विरोध केला आणि त्याबद्दल शिव्याशाप सोसले. १९३१ मध्ये त्यांना शांततेचं नोबेल मिळालं. ड्यूई मात्र १९१७ मध्ये अमेरिकेच्या युद्धप्रवेशाच्या बाजूने उभे राहिले. या युद्धातून लोकशाहीचं जग घडवता येईल, असा त्यांचा हिशेब होता. त्यांचाच विद्यार्थी रँडॉल्फ बोर्न याने त्याच वर्षी त्यांच्यावर घणाघात केला. युद्ध हे हत्यार एकदा उचललं की ते उचलणाऱ्याच्या ताब्यात राहत नाही. ते आपली उद्दिष्टं स्वतःच ठरवू लागतं, असा त्याचा रोख होता. बोर्नचं बरोबर होतं, असं मला वाटतं. व्हर्सायच्या तहाने ड्यूईंची निराशा केली आणि पुढे युद्धालाच बेकायदा ठरवण्याच्या चळवळीत ते उतरले.

आंबेडकरांनी या परंपरेतून नेमकं काय उचललं, ते पाहण्यासारखं आहे. ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांच्या युद्धकाळातल्या पुस्तकावर १९१८ मध्ये लिहिताना त्यांनी ड्यूईंचा एक भेद वापरला. शक्ती निराळी आणि हिंसा निराळी. शक्तीशिवाय काहीच घडत नाही, प्रश्न ती घडवते की नासवते हा आहे. १९३६च्या ‘जातिप्रथेचे निर्मूलन’मध्ये नियम आणि तत्त्व यांतला फरक त्यांनी असाच मांडला. नियम ‘हे कर’ सांगतो; तत्त्व विचार करायला लावतं आणि जबाबदारी करणाऱ्यावर टाकतं.

युद्धाच्या कायद्यात हा फरक उघडा पडतो. व्हिएतनाममध्ये १९६२ ते १९७१ या काळात अमेरिकेने जंगलांवर वनस्पतिनाशकं फवारली. त्यानंतर १९७७च्या जिनिव्हा करारांच्या पूरक करारात पर्यावरणाची ‘व्यापक, दीर्घकालीन आणि गंभीर’ हानी करण्याला बंदी आली. पण तिन्ही विशेषणं एकाच वेळी लागू व्हावी लागतात. १९९१ मध्ये कुवेतमधल्या सहाशेहून अधिक तेलविहिरी पेटवल्या गेल्या, तरी ही कसोटी पूर्ण झाली की नाही यावर जाणकारांचं एकमत झालं नाही. नियम कागदावर आहे, पण त्याने काय थांबलं, हे फलप्रामाण्यवादी विचारणारच.

पर्यावरण-नीतीची शाखा सत्तरच्या दशकात उभी राहिली आणि बराच काळ ‘निसर्गाला स्वतःचं मूल्य आहे की माणसापुरतं’ या वादात अडकली. फलप्रामाण्यवादी तत्त्वज्ञ अँथनी वेस्टन यांनी १९८५ मध्ये या वादापलीकडे जायला सांगितलं. त्याच वाटेने ब्रायन नॉर्टन यांनी १९९१ मध्ये मांडलं की मूल्यं वेगळी असली तरी लोक एकाच धोरणावर येऊ शकतात. कोल्हापुरात हे समजायला पुस्तक लागत नाही. गणेशमूर्ती पंचगंगेऐवजी इराणी खणीत किंवा कृत्रिम कुंडात सोडणाऱ्यांपैकी एक नदीला आई मानतो, दुसऱ्याला खाली इचलकरंजीला पोचणाऱ्या पाण्याची काळजी असते. २०१२ मध्ये इचलकरंजीत आलेली काविळीची साथ ज्यांनी पाहिली, त्यांना ही काळजी समजावून सांगावी लागत नाही. कारणं दोन, कृती एक.

पण प्रत्येक प्रश्नात असा मेळ बसत नाही. कृष्णा जल तंटा लवादाने २०१० मध्ये कृष्णेवरच्या, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची पातळी ५१९.६ मीटरवरून ५२४.२५६ मीटर करायला मुभा दिली. विजापूर-बागलकोटच्या कोरडवाहू शेतकऱ्याला ते पाणी हवं आहे. वरच्या अंगाला, शिरोळ तालुक्यातल्या नृसिंहवाडी-कुरुंदवाडच्या माणसाला धरणाच्या फुगवट्याने येणाऱ्या पुराची धास्ती आहे. ज्यांच्यावर परिणाम होतो ते सगळे मिळून ‘जनता’ बनते, असं ड्यूईंनी १९२७ मध्ये लिहिलं. जोडा कुठे चावतो हे घालणाऱ्यालाच कळतं आणि तो दुरुस्त कसा करायचा हे चांभाराला, असंही त्याच पुस्तकात आहे. या हिशेबाने अलमट्टीचा प्रश्न दोन राज्यांचा उरतच नाही. तो एका नदीकाठच्या, सीमेने दुभंगलेल्या एकाच जनतेचा आहे. तिला एकत्र बसवणारी, पाण्याचे आकडे दोन्हीकडे खुले ठेवणारी आणि दर पावसाळ्यानंतर आपला निर्णय पुन्हा तपासणारी व्यवस्था आजवर झालेली नाही. लवादासमोर पक्षकार राज्यं असतात, शिरोळचा पूरग्रस्त आणि बागलकोटचा शेतकरी तिथे समोरासमोर येत नाहीत.