डांबराखालची काळी माती: शहरी रस्त्यांच्या पाहणी-डागडुजीची पार्श्वभूमी

मुंबईत पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. छत्रपती संभाजीनगरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर. तरीही गणपती येईपर्यंत दोन्हीकडच्या रस्त्यांची चाळण झालेली असते आणि पेपरात बातमीही तीच असते: खड्डे बुजवायला अमुक दिवसांची मुदत. इतक्या कमी पावसात मराठवाड्यातले रस्ते का टिकत नाहीत, याचं उत्तर ठेकेदाराच्या खिशात शोधायची आपल्याला सवय झाली आहे. तिथे ते अजिबात नसतं, असं कोणी म्हणणार नाही. पण बरंचसं उत्तर जमिनीत आहे, आणि बाकीचं रस्त्याची तब्येत कधी आणि कशी तपासायची या प्रश्नाच्या इतिहासात.

आधी जमीन. दख्खनच्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन झालेली आपली काळी माती कापसाला मानवते, रस्त्याला नाही. पाणी प्याली की ती फुगते, वाळली की आकसते. मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या याच कारणाने. घर बांधताना गवंडी मुरूम लागेपर्यंत पाया खाली नेतो. मैलभर रस्त्याला ती चैन परवडत नाही. जमिनीचा दम मोजायची जी चाचणी आज प्रत्येक निविदेत असते ती ‘सीबीआर’, म्हणजे कॅलिफोर्निया बेअरिंग रेशो. कॅलिफोर्नियाच्या महामार्ग विभागात ओ. जे. पोर्टर यांनी १९२०च्या दशकाच्या अखेरीस ती बसवली. ठोकून भरलेला मातीचा साचा चार दिवस पाण्यात बुडवून ठेवायचा, मग त्यात ठरावीक जाडीचा लोखंडी दांडा दाबायचा आणि लागलेल्या जोराची प्रमाण खडीला लागणाऱ्या जोराशी तुलना करायची. चांगल्या मुरमाचा आकडा सहज दोन अंकी निघतो. भिजलेल्या काळ्या मातीचा बऱ्याचदा २ ते ४ टक्के.

यावर उपाय माहीत नाही असंही नाही. आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी दाखवलं, की फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या पण चिकट मातीचा, म्हणजे आपल्याकडच्या योग्य मुरमासारख्या मातीचा, जाड थर दाबून बसवला तर खालचं फुगणं आवाक्यात राहतं. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या भारतीय रस्ते काँग्रेस या संस्थेच्या डांबरी रस्त्यांच्या मार्गदर्शिकेत अशा जमिनीसाठी ६० सेंटिमीटर ते १ मीटर जाडीचा थर सुचवलेला आहे. चुना मिसळून माती सुधारण्याची पद्धतही जुनी आहे. गल्लीतल्या रस्त्याच्या अंदाजपत्रकात मात्र पहिली कात्री लागते ती याच थराला. तो डोळ्यांना दिसत नाही आणि त्याचं उद्घाटनही होत नाही.

मलिक अंबरने १६१०मध्ये खडकी, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, वसवली तेव्हा रस्त्यांवर भार होता घोड्यांचा, बैलांचा आणि माणसांचा. त्याने शहराखालून नहर नेली. रस्त्याखाली पाणी वाहण्याची परंपरा आपल्याकडे चारशे वर्षांची आहे, हे पुढे लक्षात ठेवण्यासारखं. खरा बदल आला तो खडीच्या रस्त्यांनी. स्कॉटलंडच्या जॉन मॅकॅडमने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला रूढ केलेली रीत हिंदुस्थानभर गेली: सारख्या आकाराची फोडलेली खडी, वर मुरूम, पाणी आणि दाब. बैलगाडीची लोखंडी धाव खडी भरडायची, त्या भुकटीनेच रस्ता बांधला जायचा.

त्या काळची पाहणी म्हणजे माणूस. सार्वजनिक बांधकाम खात्यात मैलकुली नावाचं पद होतं. एकेका मजुराकडे ठरावीक अंतर. तो रोज ते चालायचा, घळ पडली की मुरूम टाकायचा, साइडपट्टीचं गवत काढायचा, नाली मोकळी करायचा. कागदावर काहीच नसायचं, पण रस्त्यावर पाणी कुठे थांबतं हे त्याला पाठ असायचं. ही पदं हळूहळू कमी होत गेली. माझ्या मते मराठवाड्यातल्या रस्त्यांचं सगळ्यात मोठं नुकसान तिथे झालं, डांबराच्या दर्जात नाही.

मोटार आली आणि खडीचा रस्ता हरला. रबरी चाक वेगाने जाताना खडीमधली बारीक भुकटी ओढून बाहेर फेकतं. धूळ उडते, खडी सुटी होते. निजाम स्टेट रेल्वेच्या रस्ते वाहतूक विभागाने जून १९३२मध्ये २७ बसगाड्यांनी सुरुवात केली, त्याच सुमारास हा प्रश्न देशभर पेटला होता. त्याआधी, १९२७मध्ये, बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली केंद्रीय कायदेमंडळाने रस्ते समिती नेमली होती. पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले तेच जयकर. समितीने म्हटलं, की रस्त्यांचा विकास प्रांतांच्या आणि स्थानिक संस्थांच्या ताकदीबाहेरचा झाला आहे, तेव्हा पेट्रोलवर जादा कर घ्या आणि त्याचा वेगळा निधी करा. १९२९मध्ये केंद्रीय रस्ते निधी आला, १९३४मध्ये भारतीय रस्ते काँग्रेस स्थापन झाली. १९४३च्या नागपूर परिषदेने राष्ट्रीय, राज्य, जिल्हा आणि ग्रामीण अशी रस्त्यांची उतरंड ठरवली. या उतरंडीत शहराच्या आतल्या रस्त्याला स्वतःचं घर नव्हतं. तो नगरपालिकेचा प्रश्न म्हणून बाजूला राहिला, आणि पुढची कित्येक वर्षं तसाच राहिला.

रस्त्याची अवस्था आकड्यात मांडण्याची कल्पना अमेरिकेतून आली. इलिनॉय राज्यात ऑटावाजवळ १९५८ ते १९६० अशी दोन वर्षं मुद्दाम बांधलेल्या वळशांवर भरलेले ट्रक फिरवले गेले. हीच ती ‘आशो’ चाचणी; आशो म्हणजे तिथल्या राज्यांच्या महामार्ग अधिकाऱ्यांची संघटना. तिथून दोन गोष्टी निघाल्या. एक, लोकांना गाडीत बसवून रस्त्याला ० ते ५ गुण द्यायला लावले आणि ते गुण खडबडीतपणा, भेगा, ठिगळं यांच्या मोजमापाशी जोडले. दुसरी जास्त महत्त्वाची: आसावरचा भार वाढला की रस्त्याचं नुकसान साधारण त्याच्या चौथ्या घाताने वाढतं. २०१८मध्ये केंद्राने चार टायरच्या एका आसाची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन केली. ऐकायला वाढ बारा-तेरा टक्क्यांची. चौथ्या घाताने हिशेब केला तर एका फेरीचं नुकसान सुमारे साठ टक्क्यांनी वाढतं. जालन्याच्या स्टील कारखान्यांचे ट्रक, वाळूजचे कंटेनर आणि हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे उसाचे ट्रॅक्टर डोळ्यांसमोर आणा. वजनकाट्यावर कोण किती जातं, ते सोडा.

ऑटावाच्या आधीच, १९५०च्या दशकात, बेंकलमन यांचा दांडा आला होता. यंत्र इतकं साधं, की पाहणाऱ्याला विश्वास बसत नाही. मागच्या आसावर ८,१७० किलो भार असलेला ट्रक उभा करायचा, मागच्या जोडचाकांच्या फटीत एका लांब दांड्याचं टोक टेकवायचं, ट्रक सावकाश पुढे घ्यायचा. चाकाखाली दबलेला रस्ता वर येतो, तो किती आला ते दांड्याच्या दुसऱ्या टोकाच्या डायलवर मिलिमीटरच्या शंभराव्या भागात वाचायचं. जास्त उसळला म्हणजे पोटात दम नाही. भारतीय रस्ते काँग्रेसने १९८१मध्ये यावर स्वतंत्र मार्गदर्शिका काढली. त्यात स्पष्ट म्हटलं आहे, की हे मोजमाप पावसाळा संपताच, जमीन सगळ्यात कमजोर असताना घ्यावं. काळ्या मातीच्या मुलखासाठी यापेक्षा नेमकी सूचना नाही. आपल्याकडे मात्र पावसाळा संपताच मुरूम आणि पॅचवर्कची घाई असते. मोजणी झालीच तर मार्चअखेरीला, जमीन दगडासारखी वाळलेली असताना.

शहरांना खरी उपयोगी पडली ती १९७०च्या दशकात अमेरिकी लष्कराच्या अभियांत्रिकी दलात मोहम्मद शाहीन आणि सहकाऱ्यांनी बसवलेली पद्धत: पेव्हमेंट कंडिशन इंडेक्स, म्हणजे ‘पीसीआय’. विमानतळांच्या धावपट्ट्या आणि लष्करी तळांवरचे रस्ते यांसाठी ती जन्मली, मग पालिकांनी उचलली. तिला महागडं यंत्र लागत नाही. दोन माणसं, मोजपट्टीचं चाक, एक सरळ पट्टी आणि तक्ता. रस्त्याचे साधारण सव्वादोनशे चौरस मीटरचे तुकडे पाडायचे आणि त्यांतले काही निवडून चालत तपासायचे. चाकाच्या ओळीत जाळीदार भेगा आहेत का, आडव्या भेगा, चाकोऱ्या, खचलेला भाग, सुटी झालेली खडी, जुनं ठिगळ. प्रत्येक दोष किती क्षेत्रात आणि किती तीव्र, सौम्य, मध्यम की गंभीर. त्यानुसार शंभरातून गुण वजा होतात. ८५च्या वर उत्तम, ५५च्या खाली वाईट, १०च्या खाली रस्ता संपला.

यात खड्डा हा वीसेक दोषांपैकी फक्त एक आहे. जाळीदार भेगा दिसायला निरुपद्रवी, पण त्यांचे गुण भरपूर कापले जातात, कारण त्या पोटातलं दुखणं सांगतात. भेगेतून पाणी खाली उतरतं, चाकाच्या दाबाने खडीतली माती चिखल होऊन वर येते आणि एका जोरदार पावसात तो तुकडा निघून जातो. नवा रस्ता बराच काळ थोडा-थोडाच खराब होतो, मग एकदम ढासळतो. त्या कड्याच्या अलीकडे सीलकोट, म्हणजे भेगा बुजवणारा डांबराचा लेप, किंवा पातळ थर पुरतो, पलीकडे गेला की त्याच लांबीला चार-पाच पट खर्च येतो. म्हणूनच या पद्धतीचा पहिला नियम आपल्याकडच्या राजकारणाला पचत नाही: सगळ्यात वाईट रस्ता आधी घ्यायचा नाही, बऱ्या अवस्थेतला आधी वाचवायचा. चांगल्या दिसणाऱ्या रस्त्यावर पैसा टाकणारा नगरसेवक पुढच्या निवडणुकीत काय तोंड दाखवणार?

मराठवाड्यातल्या शहरांकडे हे शास्त्र पोचायच्या आधी महापालिकाच पोचायच्या होत्या. औरंगाबादची महापालिका डिसेंबर १९८२ची, नांदेड-वाघाळ्याची १९९७ची, लातूर आणि परभणीची २०११ची, जालन्याची तर २०२३ची. रस्ते बांधणं आणि सांभाळणं हे महापालिका अधिनियमाच्या कलम ६३नुसार बंधनकारक कर्तव्य. पैशाची बाजू मात्र लंगडीच राहिली. जकात गेली, एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला, तोही गेला. मग मोठं काम शासनाच्या विशेष निधीवर. नांदेडला २००८च्या गुरु-ता-गद्दी त्रिशताब्दीच्या निमित्ताने जेएनएनयूआरएम या केंद्राच्या शहर-नूतनीकरण योजनेचे पैसे आले आणि शहराचे रस्ते पालटले. औरंगाबादला रस्त्यांसाठी २०१७मध्ये १०० कोटी, २०२०मध्ये १५२ कोटी मिळाले. दुसऱ्या वेळी कामं महापालिका, राज्य रस्ते विकास महामंडळ (एमएसआरडीसी) आणि एमआयडीसी अशा तिघांत वाटली गेली. पैसा असा झटक्यात आला की नवे रस्ते होतात. दरवर्षी थोडा-थोडा लागणारा देखभालीचा पैसा तसा येत नाही.

तपासणी होत नाही असं नाही. ती बिलाच्या वेळी होते. मोजमाप पुस्तिकेत लांबी, रुंदी, जाडी चढते, डांबराचं प्रमाण प्रयोगशाळेत जातं, हल्ली त्रयस्थ संस्थाही नेमतात. हे सगळं रस्त्याच्या जन्मदाखल्यासारखं. त्यानंतर दोष दायित्व कालावधी, म्हणजे ठेकेदाराने दोष स्वखर्चाने दुरुस्त करायची मुदत, संपेपर्यंत रस्त्याकडे लक्ष जातं ते तक्रार आली तरच.

अशा चर्चेत पुण्याचा जंगली महाराज रस्ता हटकून निघतो. १९७६मध्ये रिकॉन्डो कंपनीने दहा वर्षांच्या हमीवर केलेला तो रस्ता कित्येक दशकं टिकला. उदाहरण खरं आहे, पण अर्धवट सांगितलं जातं: रस्ता टिकायचा तर तो पुन्हा-पुन्हा खोदला जाता कामा नये. आपल्याकडे नवा रस्ता वर्षभरात जलवाहिनीसाठी चिरला जातो, मग ड्रेनेजसाठी, मग केबलसाठी. संभाजीनगरची नवी पाणीयोजना १,६८० कोटींची म्हणून सुरू झाली तेव्हापासून शहराने हे गल्लोगल्ली पाहिलं आहे. चर नीट थरांत ठोकून न भरता वरून काँक्रीट ओतलं की पहिल्या पावसात ते खचतं. त्यात गळकी जलवाहिनी असली तर काळ्या मातीला उन्हाळ्यातही पाणी मिळतं, आणि भर मे महिन्यात रस्ता एका जागी फुगतो. व्हाइट टॉपिंग (डांबरी रस्त्यावर काँक्रीटचा थर) आणि सिमेंट रस्त्यांकडे सगळ्यांचा कल आहे तो यामुळेच. पण सिमेंट रस्ता फोडला की सांधणं आणखी अवघड, शिवाय थरावर थर चढून जुन्या घरांचे उंबरे रस्त्याच्या खाली जातात.

देखभालीच्या नोंदींचा प्रश्न आता न्यायालयातून अंगावर येतो आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१५मध्ये चांगला रस्ता हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. ऑक्टोबर २०२५मध्ये त्याच न्यायालयाने खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख, जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई ठरवली, ती ठरवायला आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिती सांगितली आणि ही रक्कम जबाबदार अधिकारी-ठेकेदारांकडून वसूल करायला सांगितलं. समितीपुढे पहिला प्रश्न साधा असणार आहे: हा रस्ता याआधी कोणी, कधी तपासला होता आणि त्या दिवशी तिथे काय दिसलं? रस्त्यांची लांबी सांगणारी नोंदवही पालिकेकडे असते. अवस्था सांगणारी नोंदवही ठेवायला ती दोन माणसं, मोजपट्टीचं चाक आणि तक्ता एवढंच लागतं, आणि दिवाळीच्या आधीचे काही आठवडे.