युनिटीत रेंडरर.मटेरियल म्हणजे ओव्हरराइड नव्हे

‘एकाच शत्रूचा रंग बदलायचाय? रेंडरर.मटेरियलने ओव्हरराइड करा.’ युनिटी या गेम इंजिनाबाबत हा सल्ला ऐकून कान किटले. (रेंडरर म्हणजे वस्तू पडद्यावर रेखाटणारा घटक, मटेरियल म्हणजे तिचा रंग, चकाकी वगैरे ठरवणारा संच.) सल्ल्याने काम होतं, पण ते ओव्हरराइड, म्हणजे मूळ मटेरियलशी नातं ठेवून एखादाच गुणधर्म बदलणं, नसतं.

शेअर्डमटेरियल तुम्हाला माहीत आहेच. ते थेट मूळ असेट, म्हणजे प्रोजेक्टमधली मटेरियलची फाइल. बदललं की ते वापरणारं सगळं बदलतं, आणि एडिटरमध्ये प्ले थांबवल्यावरही तसंच राहतं. पुढे चला.

रेंडरर.मटेरियलला पहिल्यांदा हात लावला की युनिटी मूळ मटेरियलची अख्खी कॉपी करून त्या रेंडररला लावतं. नुसता रंग वाचलात तरी! इन्स्पेक्टरमध्ये (गुणधर्म दाखवणाऱ्या खिडकीत) नावापुढे ‘इन्स्टन्स’ लागतं ते यामुळेच. झेरॉक्स काढल्यावर मूळ कागदावर केलेली खाडाखोड झेरॉक्सवर उमटत नाही, तसंच हे. तुम्ही बदलला फक्त रंग, पण स्मूथनेस, टेक्स्चर, सगळंच मूळ असेटपासून तुटलं. आता गेम चालू असताना असेटचा स्मूथनेस ०.२ वरून ०.८ करून बघा: बाकीचे शत्रू चकाकतील, लाल केलेला तेवढा मंदच राहील. मग लोक एडिटरच्या नावाने बोटं मोडतात. त्यात भर म्हणजे, यानंतर त्या रेंडररचं शेअर्डमटेरियल मागितलं तरी हातात तीच कॉपी पडते.

ओव्हरराइड म्हणायचंच तर मटेरियल व्हेरिएंटला म्हणा. युनिटी २०२२ पासून ते आहे. त्यात तुम्ही बदललेले गुणधर्म तेवढे व्हेरिएंटचे. बाकीचे पॅरेंटकडून येतात आणि पॅरेंटबरोबर बदलतात. मात्र हे नातं एडिटरपुरतंच. बिल्डमध्ये, म्हणजे तयार गेममध्ये, प्रत्येक व्हेरिएंट स्वतंत्र मटेरियल होतं, तिथे स्क्रिप्टने पॅरेंट बदलून पोरांवर काही परिणाम होत नाही.

म्हणून लाल-निळे-हिरवे शत्रू आधीच ठरलेले असतील तर व्हेरिएंटच करा, स्क्रिप्ट कशाला? गोळी लागल्यावर शत्रू लाल करायचा असेल तर रेंडरर.मटेरियल चालेल. अवेकमध्ये (ऑब्जेक्ट सुरू होताना) एकदा घेऊन ठेवा आणि ऑनडिस्ट्रॉयमध्ये (तो नष्ट होताना) ती कॉपी स्वतः डिस्ट्रॉय करा. गेमऑब्जेक्ट गेला म्हणून ती जात नाही. (दर फ्रेमला नवी कॉपी होते, ही मात्र अफवा. एका रेंडररला एकदाच होते.)

‘कॉपी नको, मटेरियलप्रॉपर्टीब्लॉक वापरा’ असं सरसकट सांगणारेही आहेत. हा ब्लॉक मटेरियलची कॉपी न करता एकाच रेंडररला वेगळी मूल्यं देतो. जुन्या बिल्ट-इन पाइपलाइनमध्ये ठीक. यूआरपीत (युनिटीच्या नव्या रेंडर पाइपलाइनमध्ये) ब्लॉक लावलेला रेंडरर एसआरपी बॅचरमधून, म्हणजे रेखाटण्याची तयारी स्वस्त करणाऱ्या यंत्रणेतून, बाहेर पडतो. शेडर व्हेरिएंट (रेखाटणाऱ्या कोडची आवृत्ती; वरचा मटेरियल व्हेरिएंट वेगळा) तोच असेल तर वेगवेगळ्या कॉप्या मात्र त्यात सुखाने बसतात.