फॉर्ममधला खर्रा, आणि गावात कॅन्सर मोजायला पोरं कशी शिकली

आमच्याकडं आता कॅन्सरच्या सर्व्हेला पोरंपोरी फिरताना दिसतात, कुणी एमपीएच म्हणजे पब्लिक हेल्थवालं, कुणी बीडीएस म्हणजे दाताचं डॉक्टर, गळ्यात आयकार्ड न हातात टॅब, आणि म्हाताऱ्या विचारतात की हे घरकुलवाले आहेत का. दोन सीझन मीपण फिरलो म्हणून हे मागचं लिहून ठेवतोय.

मुंबईत टाटा हॉस्पिटल १९४१ ला सुरू झालं पण ते उपचाराचं. कॅन्सर कुणाला होतो, किती होतो ही मोजणी बॉम्बे कॅन्सर रजिस्ट्रीनं १९६३ ला धरली, आणि आपल्या नागपूरला तशी रजिस्ट्री १९८० ला आली. सगळी शहरं. पेशंट हॉस्पिटलात येणार, तिथं कागद होणार, रजिस्ट्रीवाला तो कागद उतरवणार. खेड्यात हे चालत नाही कारण माणूस हॉस्पिटलपर्यंत पोचतच नाही ना, आधी अंगारा, मग गावचा डॉक्टर, मग कापूस विकून झाला की बघू.

हे खरं सोडवलं बार्शीनं. तिकडं सोलापूरकडं १९८७ ला देशातली पहिली ग्रामीण रजिस्ट्री निघाली, आणि त्यांनी फिल्डवरच्या लोकांनाच शिकवलं की कागद शोधत बसू नका, गावात जा, ओट्यावर बसा, न भरणारी जखम, अंगावरून जाणं, गाठ असं काही कुणाला आहे का विचारा आणि संशय आला तर माणसाला तपासायला आणा. म्हणजे मोजणारा आणि समजावणारा एकच.

त्याच्याही आधी डॉ. फली मेहता आणि त्यांच्या टीमनं पुणे जिल्ह्यातल्या १,०१,७६१ गावकऱ्यांचं तोंड तपासलं होतं, पेपर १९७२ चा. एक लाख माणसांना आ करायला लावायचं म्हणजे काय ते ज्यानं दहा जणांना लावलंय त्यालाच कळेल. मग १९९९ पासून उस्मानाबादची ट्रायल, एक लाख तीस हजारांवर बाया, ५२ गटांत वाटलेली गावं, आणि २००९ ला निकाल आला की आयुष्यात एकदा एचपीव्ही टेस्ट (हा कॅन्सर ज्या विषाणूनं होतो त्याची तपासणी) केली तरी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळपास निम्मे होतात. जगभर दाखले देतात त्याचे, पण त्यातली अर्धी मेहनत बायांना तपासणीला यायला राजी करण्याची होती.

विदर्भात जमीन तयार होती. सेवाग्रामचं मेडिकल कॉलेज १९६९ चं, पोरांना गावात राहायला पाठवायची रीत तिथं सुरुवातीपासून, आणि वर्धा जिल्ह्याची कॅन्सर रजिस्ट्री २०१० पासून. नंतर २०१५ ला नॅशनल कॅन्सर ग्रिडचं, म्हणजे देशातल्या कॅन्सर हॉस्पिटलांच्या जाळ्याचं, क्रेडो वर्कशॉप आलं, त्यात तरुण डॉक्टरांकडून पूर्ण प्रोटोकॉल, म्हणजे अभ्यास कसा करायचा त्याचा आराखडा, लिहून घेतात. चांगलंय ते, पण लिहिणं शिकवणं सोपं, विचारणं शिकवणं अवघड असं माझं मत झालंय.

आता आमच्या फॉर्मचंच बघा. प्रश्न होता, तंबाखूचे पदार्थ दिवसाला किती वेळा. फॉर्म बनवणारा शहरातला, त्याच्या डोक्यात गुटख्याची पुडी. आमच्याकडं चालतो खर्रा, सुपारी तंबाखू चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून घोटून केलेला, एक पन्नी सकाळी खिशात टाकली की दिवसभर चिमूट चिमूट चालते. पानठेल्यावर बसलेल्या एका काकांना विचारलं तर म्हणे, "आमी चौघं मिळून एक पन्नी घेतो, मंग लिव बाबू तुले काय लिवाचं ते." मी १ लिहिलं. बाजूच्यानं दुसऱ्याच्या फॉर्मवर ४ लिहिलं. तिसरीनं पाव. संध्याकाळी फॉर्म जमा करताना सुपरवायझर मॅडमनी तिन्ही फॉर्म एका ओळीत ठेवले, काही बोलल्या नाहीत, पेन काढला आणि प्रश्नाखाली हातानं एक नवा रकाना आखला, "पन्नी किती जणांत".