वाऱ्याला चकवणारा मनोरा

ठाण्यात घोडबंदर रोडवर कासारवडवलीच्या आसपास ज्यांची घरे विसाव्या-पंचविसाव्या मजल्यावर आहेत, त्यांना आषाढातला एक आवाज चांगला परिचयाचा असतो. खाडीवरून आलेला वारा लिफ्टच्या दाराच्या फटीतून शिट्टी घालू लागतो. इमारत जसजशी उंच होते, तसतसे तिच्या वजनापेक्षा वाऱ्याचेच गणित अवघड होत जाते. दुबईच्या ८२८ मीटर उंचीच्या बुर्ज खलिफाचा आकार याच गणितातून घडला. त्याचे बांधकाम २००४ मध्ये सुरू झाले आणि ४ जानेवारी २०१० रोजी उद्घाटन झाले. वास्तुरचना एड्रियन स्मिथ यांची, तर संरचनेचा आराखडा अभियंता बिल बेकर यांचा.

वारा इमारतीला समोरून ढकलतो, अशी आपली समजूत असते. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. गायमुखजवळ खाडीत रोवलेला एखादा बांबू भरतीच्या वेळी नीट पाहावा: तो प्रवाहाच्या दिशेने थोडा वाकतो खरा, पण थरथरतो मात्र आडवा. पाणी त्याच्या दोन्ही बाजूंनी जाताना मागे एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे भोवरे सुटतात आणि प्रत्येक भोवरा बांबूला आपल्याकडे किंचित ओढतो. हवेतही हेच घडते. भोवऱ्यांचा ठेका आणि इमारतीचा डोलण्याचा स्वतःचा ठेका जुळला, तर झोका वाढतच जातो. झोपाळ्याला योग्य वेळी दिलेला हलका धक्काही पुरतो, तसे.

ठेका जुळूच नये यासाठी बुर्ज खलिफा एकसारख्या जाडीचा ठेवलेला नाही. मधल्या षटकोनी गाभ्याला तीन पंख जोडलेले आहेत. ते एकमेकांना टेकू देतात आणि गाभा मनोऱ्याला पीळ पडू देत नाही. वर जाताना कधी एक पंख आखडता घेतला जातो, कधी दुसरा, आणि अशा २७ टप्प्यांनी मनोरा गोल फिरत निमुळता होतो. प्रत्येक उंचीवर रुंदी वेगळी असल्याने भोवरेही वेगवेगळ्या ठेक्याने सुटतात आणि त्यांची एकजूट होत नाही. रानात माणसाला चकवा लागतो म्हणतात. इथे तो वाऱ्यालाच लागतो. छोट्या प्रतिकृती वाऱ्याच्या बोगद्यात ठेवून हे पुन्हापुन्हा तपासले गेले आणि त्या निष्कर्षांवरून अख्खा मनोरा मूळ नकाशापेक्षा १२० अंशांनी फिरवण्यात आला. मला या इमारतीच्या उंचीपेक्षा हा निर्णय अधिक थक्क करणारा वाटतो.

डोलणे कमी राहावे म्हणून निवासी मजल्यांसह बहुतेक उंची काँक्रीटचीच आहे. पोलादी सांगाडा सुरू होतो तो अगदी वरच्या टप्प्यात. आपल्याकडे स्लॅब टाकायच्या दिवशी मिक्सर वाहतुकीत अडकला की मुकादमाचा जीव वरखाली होतो. तिथे काँक्रीट पंपाने ६०० मीटरहून अधिक उंच चढवायचे होते आणि तेही वाळवंटातल्या उन्हाळ्यात, त्यामुळे ते बर्फ मिसळून रात्री ओतले जाई. खाली १९२ पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे खांब आहेत, प्रत्येकाचा व्यास दीड मीटर. तिथले भूजल अतिशय खारट असल्याने लोखंड गंजू नये यासाठी पायात विजेच्या सूक्ष्म प्रवाहाचे संरक्षणही दिलेले आहे.

तैपेईच्या तैपेई १०१ या इमारतीत डोलणे शमवण्यासाठी ६६० टनांचा पोलादी गोळा टांगलेला आहे. बुर्ज खलिफात असा गोळा बसवावा लागला नाही. ते काम त्याचा आकारच करतो.