लिंबची बारामोटेची विहीर : १६४१ हा इसवी सन नव्हे

साताऱ्याजवळच्या लिंब येथील बारामोटेची विहीर इ. स. १६४१ ते १६४६ या काळात बांधली गेली, असे वर्षानुवर्षे सांगितले आणि पुढे पाठवले जाते. ते चूक आहे. विहिरीच्या शिलालेखातले हे आकडे शालिवाहन शकाचे आहेत. त्यांत ७८ मिळवले की बांधकामाचा खरा काळ १७१९ ते १७२४ असा निघतो.

आकडेमोड बाजूला ठेवली, तरी १६४१ टिकत नाही. विहीर बांधवून घेणाऱ्या वीरूबाई भोसले या थोरल्या शाहू महाराजांच्या परिवारातील, आणि शाहू महाराजांचा जन्मच १६८२ चा. मोगलांच्या कैदेतून १७०७ मध्ये सुटल्यावर १७०८ मध्ये साताऱ्यास त्यांचा राज्याभिषेक झाला. १६४१ मध्ये शिवाजी महाराज अवघे अकरा वर्षांचे होते, तर साताऱ्याचा किल्ला १६७३ पर्यंत आदिलशाहीकडेच होता.

ही चूक किरकोळ मानता येत नाही, असे मला ठामपणे वाटते. जिन्याने उतरून कमानीतून आत गेल्यावर दिसणारी अष्टकोनी विहीर, तिला जोडून उभारलेला दगडी महाल, वरच्या काठावरील मोटांच्या जागा, हे सारे शाहूकालीन साताऱ्याच्या स्थैर्याचे काम आहे. चुकीच्या सनामुळे त्याचे श्रेय त्या काळापासून आणि वीरूबाईंपासून हिरावले जाते.

इतर शिलालेख वाचतानाही आधी ‘शके’ हा शब्द शोधावा. शकवर्ष चैत्रात पालटते, म्हणून जानेवारी ते गुढीपाडवा या काळातील तिथीसाठी ७८ ऐवजी ७९ मिळवावे लागतात.