कार्ताझ ते लक्षद्वीप : मोकळ्या समुद्राचं जुनं भांडण

७ एप्रिल २०२१ रोजी अमेरिकेची 'जॉन पॉल जोन्स' ही युद्धनौका लक्षद्वीपच्या पश्चिमेला सुमारे १३० सागरी मैलांवरून गेली. भारताची परवानगी घेतलेली नव्हती, आणि ही गोष्ट अमेरिकेच्या सातव्या आरमारानं स्वतःच जाहीर केली. २०० मैलांपर्यंतच्या आपल्या अनन्य आर्थिक क्षेत्रात परक्या आरमारानं सराव करायचा तर आधी विचारावं, असं दिल्लीचं म्हणणं. अशी अट सागरी कायद्यात बसत नाही, असं वॉशिंग्टनचं. आता ज्या १९८२च्या सागरी कायदा कराराभोवती हा वाद फिरतो, त्याला भारतानं १९९५ मध्ये मान्यता दिली; अमेरिकेनं अजूनही दिलेली नाही.

मित्रांमधली कुरबूर होती, लवकरच विझली. पण भर समुद्रात परवाना कुणी कुणाला मागायचा, हा प्रश्न याच पाण्यावर पाचशे वर्षांपूर्वी पहिल्यांदा तोफेच्या जोरावर विचारला गेला.

१४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला पोचला, त्याआधीही अरबी समुद्रात चाचे होते, बंदरात जकात होती. मात्र किनाऱ्यापासून दूर चाललेल्या गलबताला अडवून 'कागद दाखव' म्हणण्याची रीत पोर्तुगीजांनी आणली. त्या कागदाचं नाव कार्ताझ. त्यात जहाजाचं आणि नाखव्याचं नाव, हत्यारं, मुक्काम सगळं नोंदलेलं असे. कागदाची किंमत किरकोळ. खरी मेख अशी, की वाटेत पोर्तुगीज बंदरात थांबून जकात भरावी लागे. कार्ताझ नसेल तर जहाज मालासकट जप्त. एवढ्या अफाट दर्यावर पहारा ठेवायला जहाजं पुरणार नव्हतीच, म्हणून पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्कनं दारं धरली : १५१० मध्ये गोवा, १५११ मध्ये मलाक्का, १५१५ मध्ये होर्मुझ. तांबड्या समुद्राच्या तोंडावरचं एडन मात्र १५१३ मध्ये त्याच्या हाती लागलं नाही, आणि ती वाट अर्धवट उघडीच राहिली.

कागद असला म्हणजे निर्धास्त, असंही नव्हतं. १६१३ मध्ये जहांगीरच्या आईचं 'रहीमी' हे जहाज कार्ताझ असूनही पोर्तुगीजांनी सुरतेजवळ पकडून गोव्याला नेलं. बादशहानं दमणवर फौज धाडली. वर्षभरापूर्वीच सुरतेजवळच्या सुवाळीच्या लढाईत इंग्रजांनी पोर्तुगीजांना हात दाखवला होता. मुघल दरबारात इंग्रजांचं वजन वाढलं त्यात 'रहीमी'च्या रागाचाही वाटा होता.

या दादागिरीविरुद्ध 'समुद्र सर्वांचा' असा युक्तिवाद लिहिला गेला तो डच भाषकांच्या मुलखात, आणि तोही एका लुटीच्या निमित्तानं. फेब्रुवारी १६०३ मध्ये आजच्या सिंगापूरच्या पूर्वेला डच कप्तान हेमस्केर्कनं 'सांता कातारिना' हे पोर्तुगीज जहाज पकडलं. त्यातल्या चिनी रेशमाचा आणि चिनी मातीच्या भांड्यांचा ॲमस्टरडॅमला लिलाव झाला, तीस लाख गिल्डरांहून अधिक रक्कम आली. डच ईस्ट इंडिया कंपनी जेमतेम वर्षाची होती. तिच्या काही शांततावादी भागधारकांना हा लुटीचा पैसा पचेना. तेव्हा कंपनीनं ह्यूगो ग्रोशियस या विशीतल्या वकिलाला गाठलं. जावा, सिलोन, मोलुक्का (मसाल्याची बेटं) इथे स्वतःचे राजे आहेत, पोर्तुगीज त्यांचे धनी नाहीत. आणि समुद्र तर कुणाच्याच मालकीचा होऊ शकत नाही, अशी त्याची मांडणी. त्यातला समुद्राचा भाग १६०९ मध्ये 'मोकळा समुद्र' अशा अर्थाच्या लॅटिन नावानं निनावी छापला गेला. आंतरराष्ट्रीय कायद्याचा पाया म्हणून आज शिकवतात तो हाच. पक्षकाराच्या सांगण्यावरून लिहिलेली ती कैफियत होती, हे मला विसरता येत नाही.

चारच वर्षांत ते पुस्तक डचांच्याच गळ्यात आलं. १६१३ मध्ये मसाल्याच्या बेटांवरून लंडनला बोलणी झाली, तेव्हा इंग्रजांनी डचांना तेच पुस्तक वाचून दाखवलं. समोरच्या शिष्टमंडळात खुद्द ग्रोशियस बसला होता. आमचे स्थानिक राजांशी करार झालेत, ते पाळावेच लागतील, हा डचांचा बचाव. त्या करारांची किंमत १६२१ मध्ये मसाल्याच्या बेटांपैकी बांदा बेटांनी मोजली. जायफळ दुसऱ्या कुणाला विकलं म्हणून डच गव्हर्नर कूननं चढाई केली. सुमारे पंधरा हजारांच्या वस्तीतले जेमतेम हजारभर उरले, बाकीचे मेले, पळाले किंवा गुलाम झाले. इंग्रजही काही कमी नव्हते. पूर्वेत मोकळा समुद्र मागणाऱ्या इंग्लंडनं १६३५ मध्ये जॉन सेल्डनचा 'बंदिस्त समुद्र' छापला, कारण घरच्या किनाऱ्यालगत डच मच्छीमार हेरिंग पकडत होते.

आपल्या किनाऱ्यावर या चढाओढीच्या खुणा अजून आहेत. वेंगुर्ल्याची पडकी वखार डचांनी १६३७ मध्ये थाटली, ती गोव्याची नाकेबंदी करताना जवळ तळ असावा म्हणून. १६६१ मध्ये मुंबई इंग्रज राजाला आंदण मिळाली, ही गोष्ट शाळेतच कळते. त्या तहातलं गुप्त कलम मात्र सहसा कुणी सांगत नाही : बदल्यात इंग्रजांनी पोर्तुगीजांच्या इथल्या ठाण्यांचं डचांपासून रक्षण करायचं होतं. मलाक्का १६४१ मध्येच गेलं होतं; १६६३ मध्ये कोचीनही गेलं, इंग्रज काही धावून आले नाहीत.

मराठ्यांनी हा खेळ नीट ओळखला होता. टोपीकर, म्हणजे युरोपीय व्यापारी, हे इतर सावकारांसारखे नव्हेत, प्रत्येकामागे राजा आहे, त्यांना किनाऱ्यावर जागा देऊ नये, असं रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात स्पष्ट बजावलं आहे. कान्होजी आंग्रे तर एक पाऊल पुढे गेले : कोकणपट्टीवर त्यांनी स्वतःचे दस्तक, म्हणजे परवाने, सुरू केले. दस्तक नाही तर जहाज जप्त, म्हणजे पोर्तुगीजांचाच कायदा. पोर्तुगीजांनी केलं ते राजसत्तेचा अधिकार, कान्होजींनी केलं ती चाचेगिरी, असं इंग्रजी दप्तर म्हणतं. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊन अलिबागजवळच्या कुलाबा किल्ल्यावर चालून गेले आणि हात हलवत परतले.

पुढे एकोणिसाव्या शतकात समुद्रावर इंग्रजांना तोडीचा कुणी उरला नाही, तेव्हा 'मोकळा समुद्र' त्यांना मनापासून पटला. १८२४ मध्ये त्यांनी डचांशी करार करून मलाक्काच्या सामुद्रधुनीच्या दोन बाजू वाटून घेतल्या; मलेशिया आणि इंडोनेशिया यांच्या सीमेचं मूळ त्या वाटणीत आहे.

आज पात्रं बदलली आहेत. दक्षिण चिनी समुद्रातल्या चीनच्या ऐतिहासिक हक्काच्या दाव्याला कायदेशीर आधार नाही, असा निवाडा १२ जुलै २०१६ रोजी हेगच्या लवादानं, म्हणजे ग्रोशियसच्याच देशात, दिला. चीननं तो धुडकावला. होर्मुझवर हक्क सांगणाऱ्या इराणनं १९८२च्या करारावर सही केली, मंजुरी दिली नाही. भारत चीनला मोकळ्या समुद्राचा हवाला देतो आणि लक्षद्वीपपाशी आधी विचारा म्हणतो. मला यात ढोंगापेक्षा जागेचा फरक दिसतो : दुसऱ्याच्या दारातून जायचं असतं तेव्हा एक भाषा, स्वतःच्या दारात उभं असताना दुसरी.

त्या एप्रिलमध्ये आपल्या परराष्ट्र मंत्रालयानं काढलेल्या निवेदनात एक वाक्य होतं. ही नौका इराणच्या आखातातून मलाक्काच्या सामुद्रधुनीकडे जात असताना तिच्यावर सतत नजर ठेवली होती, असं. आल्बुकर्कनं धरलेल्या दोन दारांमधला हा रस्ता.